मालाचा मालक समोर नसताना : लॉजिस्टिक्सच्या व्यवसाय अभ्यासक्रमात मूल्यशिक्षण कसे गुंफावे

लासलगावच्या बाजार समितीतून वाशीकडे निघालेल्या कांद्याच्या गाडीत शेतकरी बसलेला नसतो आणि व्यापारीही नसतो. दिंडोरीच्या एखाद्या शीतगृहातून न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या द्राक्षांच्या कंटेनरला एकदा सील लागले, की आतले तापमान किती राहिले हे युरोपातल्या खरेदीदाराला फक्त नोंदीवरून कळते. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यातून निघालेली सुट्या भागांची खोकी वाटेत कोणी जपली आणि कोणी आपटली, हे पाठवणाऱ्याला दिसत नाही. मालाची वाहतूक, साठवण आणि पोचवणी हा सारा व्यवसाय मालकाच्या गैरहजेरीत चालतो, आणि त्यामुळे मधल्या प्रत्येक माणसाची सही ही त्या गैरहजर मालकासाठी दिलेली साक्ष ठरते. म्हणूनच या व्यवसायाचे शिक्षण देताना सचोटी, श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा आणि दुसऱ्याच्या जिवाची काळजी या गोष्टी कौशल्याच्या बाहेर ठेवताच येत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. त्या अभ्यासक्रमाच्या आत कशा आणाव्यात, याची कार्यपद्धती पुढे मांडली आहे.

हे लेखन औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशक, कनिष्ठ महाविद्यालयांतील व्यवसाय शिक्षणाचे शिक्षक आणि खासगी कौशल्य केंद्रे चालवणारे यांच्यासाठी आहे. नाशिकमध्ये त्याची निकड विशेष आहे. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, आणि सिन्नर व इगतपुरी हे आपल्या जिल्ह्यातले दोन तालुके थेट त्या मार्गावर आले. कांदा, द्राक्षे, टोमॅटो, वाहनांचे सुटे भाग, औषधे आणि घरोघरी जाणारी पार्सले असा सगळ्या प्रकारचा माल येथून हलतो. आपण शिकवलेला विद्यार्थी वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कोणाच्या तरी लाखो रुपयांच्या मालावर सही करू लागतो, ही साधी गोष्ट नाही.

वेगळा तास का नको

महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या बहुतेकांना परिपाठातली दहा मूल्ये पाठ असतात : नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता आणि सौजन्यशीलता. राष्ट्रीय पातळीवर शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने १९९९ मध्ये सत्य, सदाचरण, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये शिक्षणाचा पाया म्हणून सांगितली. या याद्यांत काही कमी नाही. अडचण अशी, की विद्यार्थ्याला यादी येते आणि तरीही मालाची आवक घेताना ओल्या खोक्याकडे पाहून तो ‘माल व्यवस्थित मिळाला’ असे लिहितो, कारण त्या क्षणी ते मूल्य आणि हातातली पोच पावती यांचा काही संबंध आहे, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. आठवड्याला एक तास वेगळा काढून त्यात सुविचार सांगितले, तर हा दुरावा कमी होण्याऐवजी पक्का होतो. विद्यार्थी समजतो की मूल्ये शुक्रवारच्या शेवटच्या तासाला असतात आणि काम सोमवारपासून असते.

त्यासाठी नव्या विषयाची किंवा नव्या परवानगीचीही गरज नाही. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात प्रत्येक पातळीचे वर्णन करताना ज्ञान आणि कौशल्य यांच्या जोडीने ‘जबाबदारी’ हा स्वतंत्र निकष दिलेला आहे. गोदाम सहायक असो वा डिस्पॅचचे काम, त्या त्या कामाच्या व्यवसाय मानकांत खराब माल वेगळा ठेवणे, त्याची माहिती वरिष्ठांना देणे, सुरक्षेचे नियम पाळणे अशा अपेक्षा लिहिलेल्याच असतात. आपण एवढेच करायचे, की त्या अपेक्षा केवळ वाचून न दाखवता अडचणीच्या प्रसंगात घालून त्यांचा सराव करून घ्यायचा.

आधी मोहाच्या जागा शोधाव्यात

सत्र सुरू होण्यापूर्वी निदेशकाने स्वतः बाहेर पडावे, ही माझी पहिली सूचना. आडगावच्या ट्रक टर्मिनलवर एखाद्या चालकाबरोबर चहा घ्यावा, पिंपळगाव बसवंतच्या बाजारात मुकादमाशी बोलावे, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या गोदामात आवक-जावक लिहिणाऱ्या माणसाजवळ थोडा वेळ बसावे आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : तुमच्या कामात खरे लिहिणे कुठे जड जाते? ‘तुम्ही खोटे कुठे लिहिता’ असे विचारले, तर माणूस गप्प बसेल. ‘जड कुठे जाते’ असे विचारले, तर तो मनापासून सांगेल, आणि ते सांगणे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा उपयोगी असेल.

उत्तरे साधारण ठरावीक जागांभोवती येतात. माल उतरवून घेताना फुटका किंवा कमी माल दिसला तरी गाडी सोडण्याची घाई असते. महिनाअखेरीला प्रत्यक्ष साठा आणि संगणकावरचा साठा जुळत नाही, तेव्हा आकडा ‘जुळवून’ टाकण्याचा दबाव असतो. तापमानाची नोंद राहून गेली, तर ती नंतर एका बैठकीत भरून काढली जाते. गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माल भरण्याचा आग्रह होतो. घरपोच सेवेत ग्राहक भेटलाच नाही, तरी ‘ग्राहकाने माल नाकारला’ असा शेरा मारून दिवसाचे लक्ष्य पूर्ण दाखवले जाते. या प्रत्येक जागेला अभ्यासक्रमातल्या एखाद्या घटकाशी जोडावे. सगळ्या जागा एका सत्रात घेण्याचा अट्टहास नको. तीन-चार घेतल्या आणि त्या पुन्हा पुन्हा गिरवल्या, तर त्या विद्यार्थ्याच्या हातात बसतात.

पोच पावतीवरचा शेरा

माल स्वीकारण्याचा घटक शिकवताना पुढील प्रात्यक्षिक करून पाहावे. वर्गाच्या दारात वीस रिकामी खोकी रचावीत आणि त्यांना क्रमांक घालावेत. दोन खोक्यांचा तळ पाण्याने ओला करावा, एकाची चिकटपट्टी कापून वर दुसऱ्या रंगाची पट्टी लावावी, आणि बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतूक पावतीवर, एकवीस खोकी असल्याचे लिहावे. निदेशकाने चालकाची भूमिका घ्यावी. एका विद्यार्थिनीने माल उतरवून घ्यावा, मोजावा आणि पोच पावतीवर सही करावी. बाकीच्यांनी फक्त पाहावे.

पहिल्या फेरीत काही बोलू नये. बहुतेक जण खोकी मोजतात, एक कमी असल्याचे लिहितात आणि ओला तळ पाहतच नाहीत, कारण खोके उचलून खालून पाहण्याची सवय नसते. हे कौशल्यातले उणेपण आहे आणि ते तिथल्या तिथे सांगून सुधारता येते. खरी परीक्षा दुसऱ्या फेरीत असते. तिला ओली खोकी दिसली आहेत आणि ती शेरा लिहू लागली आहे, अशा वेळी चालकाने म्हणावे, “ताई, मिळाले एवढेच लिहा ना. शेरा मारला तर माझ्या भाड्यातून कापतील. घाटात पाऊस लागला, त्यात माझा काय दोष?” ही विनवणी खरी वाटेल अशीच करावी, कारण प्रत्यक्षात ती खरीच असते. चालक खोटारडा नाही. नुकसान शेवटी आपल्याच गळ्यात पडणार, हे त्याला अनुभवाने माहीत आहे.

यावर वर्गात जी चर्चा होते, तिला घाई करू नये. काही विद्यार्थी म्हणतील की नियम म्हणजे नियम. काही म्हणतील की गरीब माणसाला सांभाळून घ्यावे. दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर निदेशकाने पावतीवरचे शब्द फळ्यावर घ्यावेत. ‘माल व्यवस्थित मिळाला’ हे असत्य आहे, हे सगळ्यांना पटते. पण ‘माल खराब आला’ हेही असत्यच आहे, कारण खोकी उघडलेली नाहीत आणि आतला माल भिजला की नाही, हे कोणालाच ठाऊक नाही. मग लिहायचे काय? ‘बिल्टीप्रमाणे २१, प्रत्यक्षात २० खोकी. क्र. ७ व १२ तळाशी ओली. क्र. १५ ची पट्टी बदललेली. आतील माल तपासलेला नाही. उतरवण्याची वेळ दुपारी ३.४०. चालकाच्या म्हणण्यानुसार घाटात पाऊस होता. ताडपत्री सुस्थितीत दिसली.’ या नोंदीत जे दिसले ते सारे आहे, जे दिसले नाही ते नाही, आणि चालकाची बाजूही आली आहे. ताडपत्री सुस्थितीत दिसली हे वाक्य त्या चालकाला कोरड्या सहानुभूतीपेक्षा जास्त उपयोगी पडते. सत्य आणि करुणा यांतले एक निवडावे लागते, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. अचूक नोंद केली तर दोन्ही एकाच शेऱ्यात मावतात, हे त्यांना येथे स्वतःच्या अक्षरात दिसते, आणि त्यासाठीच या एका प्रात्यक्षिकावर मी इतका भर देतो.

पावती चालकानेही वाचावी आणि मग सही करावी, असा आग्रह विद्यार्थ्यांकडून धरून घ्यावा. शेरा मराठीत लिहिल्यास तो चालकाला आणि हमालालाही वाचता येतो. परप्रांतीय चालक असेल, तर तो हिंदीत वाचून दाखवावा.

रिकामा राहिलेला रकाना

शीतसाखळीचा, म्हणजे माल सुरुवातीपासून शेवटपर्यंत थंड ठेवण्याचा, घटक नाशिककरांसाठी जिव्हाळ्याचा आहे. निर्यातीची द्राक्षे सकाळच्या गारव्यात तोडली जातात, प्रतवारी आणि पॅकिंगनंतर पूर्वशीतकरण होते आणि पुढे शून्य अंशाच्या आसपास साठवण व वाहतूक होते. समुद्रमार्गे युरोपात पोचायला तीन आठवड्यांहून अधिक लागतात, आणि तोडणीनंतरच्या पहिल्या काही तासांत झालेली हयगय तिथे पोचल्यावर देठ सुकलेल्या घडांच्या रूपाने दिसते. बहुतांश लसींसाठी २ ते ८ अंश सेल्सिअस ही मर्यादा असते, आणि तिथे तर हयगय डोळ्यांना दिसतही नाही. बाटली तशीच राहते, आतली लस मात्र निकामी झालेली असू शकते.

विद्यार्थ्यांना एका दिवसासाठी साध्या फ्रिजचे तापमान दर तासाला लिहायला सांगावे आणि मध्येच त्यांना दुसऱ्या कामाला लावून दोन तासांच्या नोंदी चुकतील अशी व्यवस्था करावी. दिवसअखेरीला तक्ते गोळा करून फक्त पाहावे. ज्यांनी रकाना रिकामा ठेवून ‘दुपारी १ व २ ची नोंद घेतली नाही, कारण प्रात्यक्षिक कक्षात होतो’ असे लिहिले असेल, त्यांचे तक्ते सर्वांना दाखवावेत आणि पूर्ण गुण द्यावेत. ज्यांनी अंदाजाने आकडे भरले असतील, त्यांना नावे घेऊन शरमिंदे करू नये. फ्रिजमध्ये आधीच ठेवलेल्या डेटा लॉगरचा (तापमान आपोआप नोंदवणाऱ्या उपकरणाचा) आलेख उघडून त्यांना स्वतःलाच तो आपल्या तक्त्याशी ताडून पाहू द्यावा. त्या दोन तासांत फ्रिजचे दार थोडा वेळ उघडे ठेवले असेल, तर भरलेला आकडा आणि खरा आकडा यांतली तफावत वेगळे काही सांगावे लागू देत नाही.

येथेच माग काढण्याच्या व्यवस्थेचाही परिचय द्यावा. अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत निर्यातीची बाग नोंदलेली असते आणि खोक्यावरच्या तपशिलावरून माल कोणत्या बागेतला, हे शोधता येते. पॅकहाउसमध्ये चार खोकी कमी पडली म्हणून दुसऱ्या बागेतली चार खोकी त्याच लेबलाखाली घातली, तर ती संपूर्ण साखळी खोटी होते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे युरोपात भारतीय द्राक्षांची मोठी अडवणूक झाली आणि तिचा फटका नाशिकच्या शेतकऱ्यांना बसला, ही घटना जिल्ह्यातली वडीलधारी मंडळी अजून विसरलेली नाहीत. अशा वेळी एका बागेचा दोष शेजाऱ्याच्या माथी जाऊ नये, याची हमी खरे लेबल देते. ज्या विद्यार्थ्याच्या घरी द्राक्षबाग आहे, त्याला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. त्यालाच वर्गाला समजावून सांगू द्यावे.

वजनाचे गणित आणि घाट

जादा भार हा विषय कलम आणि दंड यांपुरता शिकवला, तर विद्यार्थी दंड वाचवण्याच्या युक्त्या शिकतो. तो गणितातून शिकवावा. दोन आसांच्या ट्रकचे परवानगी असलेले एकूण वजन १८,५०० किलो आणि रिकाम्या गाडीचे ६,५०० किलो धरले, तर १२,००० किलो माल बसतो. म्हणजे ५० किलोच्या २४० गोण्या. व्यापारी म्हणतो, २८० टाका. जादा भार २ टन. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, असा २४,००० रुपये दंड होतो आणि जादा माल उतरवावा लागतो तो वेगळाच. एवढे गणित झाल्यावर पुढचा प्रश्न विचारावा : ही गाडी मुंबईच्या बाजूला कसारा घाट उतरताना ब्रेकवर काय होईल, आणि तिच्यापुढे कोण असेल? वेग आणि भार वाढला की थांबण्याचे अंतर कसे वाढते, सततच्या ब्रेकने ब्रेकचे अस्तर तापून पकड कशी सुटते, हे विज्ञानच आहे. ते नीट शिकवले, तर दुसऱ्याच्या जिवाची काळजी त्यातूनच उगवते.

विश्रांतीचेही तसेच. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, ती चालकाच्या लाडासाठी नव्हे. मार्गनियोजन शिकणाऱ्या विद्यार्थ्याने वेळापत्रक करताना जेवण, झोप आणि गोदामाच्या दारात होणारा खोळंबा या तिन्हींना जागा ठेवली आहे की नाही, हे तपासूनच गुण द्यावेत. ज्या वेळापत्रकात चालकाला झोपायला वेळच नाही, ते वेळापत्रक तांत्रिकदृष्ट्या चुकलेले मानावे.

अपघातानंतरचे कर्तव्यही टाळू नये. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे ही चालकाची जबाबदारी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये आहे, आणि जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर अपवादही त्याच कलमात आहे. जानेवारी २०२४ मध्ये अपघात करून पळून जाण्यासंबंधीच्या नव्या शिक्षेविरुद्ध चालकांनी संप केला, तेव्हा मनमाडजवळच्या पानेवाडीतून इंधनाचे टँकर निघाले नाहीत आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. चालकाला वाटणारी जमावाची भीती आणि रस्त्यावर पडलेल्या माणसाचा जीव, हे दोन्ही एकत्र ठेवून वर्गात बोलावे. मदत करणाऱ्या त्रयस्थाला कलम १३४ अ संरक्षण देते, ही माहिती प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ हवी.

हमाल, चालक आणि हाक मारण्याची पद्धत

श्रमप्रतिष्ठेची खरी चाचणी विद्यार्थी हमालाला काय म्हणून हाक मारतो, यात होते. ‘दादा’, ‘मामा’ म्हणणारा विद्यार्थी आणि ‘ए, इकडे ये’ म्हणणारा विद्यार्थी एकाच वर्गात असतात, आणि दुसऱ्याला हे कोणी कधी सांगितलेले नसते. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल आणि अन्य श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालचा कामगारांचा लढा होता. हा इतिहास गोदाम व्यवस्थापनाच्या पहिल्याच आठवड्यात सांगावा. टोळी म्हणजे काय, मुकादमाची जबाबदारी काय, मजुरी माथाडी मंडळामार्फत का दिली जाते, हे समजल्यावर विद्यार्थी माथाडीकडे अडथळा म्हणून पाहत नाही.

त्यानंतर एखाद्या मुकादमाला मानधन देऊन वर्गात बोलवावे आणि गोणी पाठीवर कशी घ्यावी, थप्पी कशी लावावी, कोणती गोणी आधी उतरवावी, हे त्यांच्याकडूनच शिकावे. मानधन पाहुण्या व्याख्यात्याला देतो तेवढेच द्यावे आणि हजेरीपत्रकावर त्यांचे नाव ‘मार्गदर्शक’ म्हणून लिहावे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोचा आकडा आहे. त्यापेक्षा जड ओझे असेल, तर ते कमी करण्याचे उपाय करावेत, असे ती सांगते. ही माहिती ऐकवून मग विद्यार्थ्याला पॅकिंगचे वजन ठरवायला सांगावे, म्हणजे आपण कागदावर लिहिलेला आकडा शेवटी कोणाच्या तरी मणक्यावर जातो, हे त्याच्या लक्षात राहील.

गोदामाच्या दारात तासन्‌तास थांबलेल्या चालकाचाही विचार शिकवावा. डॉक, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची जागा, रिकामे नसेल तर किती वेळ लागेल हे खरे सांगणे, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते दाखवणे, आलेल्या क्रमाने नंबर देणे, एवढ्याने सौजन्यशीलता हा शब्द कामाला लागतो.

ई-वे बिलाचा, म्हणजे जीएसटीखाली मालाच्या वाहतुकीसाठी लागणाऱ्या ऑनलाइन दस्तऐवजाचा, घटक थोडक्यात घेतला तरी चालेल. आंतरराज्य वाहतुकीत ५० हजार रुपयांवरच्या आणि महाराष्ट्रांतर्गत १ लाख रुपयांवरच्या मालाला ते लागते, आणि साधारणपणे दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. अंबडहून भिवंडीला एका दिवसात दोन फेऱ्या होऊ शकतात आणि एकाच बिलावर दोन्ही फेऱ्या उरकण्याचा मोह तिथेच आहे. करचुकवेगिरी म्हणजे कोणाचे नुकसान, हा प्रश्न ज्या सरकारी संस्थेत विद्यार्थी बसले आहेत तिच्या बाकांकडे बोट दाखवून विचारता येतो.

प्राधान्यक्रमाचा सराव मात्र वेळ देऊन करावा. २०२७ च्या सिंहस्थासाठी पर्वकाळात पंचवटी आणि रामकुंड परिसरात वाहनांना मर्यादित प्रवेश असेल, असे गृहीत धरावे आणि गटाला दहा वाहनांचे पास वाटायला सांगावे. अर्ज वीस असावेत : दूध, प्राणवायूचे सिलिंडर, औषधे, पिण्याचे पाणी, भाजीपाला, हॉटेलच्या चादरी, कचऱ्याच्या गाड्या, एका वजनदार व्यक्तीच्या ओळखीची फुलांची गाडी. कोणाला का नाकारले, हे गटाने लेखी द्यावे आणि नाकारलेल्या अर्जदारासमोर सौजन्याने वाचून दाखवावे. कचऱ्याची गाडी पहिल्या फेरीत हमखास मागे राहते. ती दुसऱ्या फेरीत वर का येते, याची चर्चा फार शिकवणारी असते.

गुण कसे द्यावेत

‘प्रामाणिकपणाचे महत्त्व लिहा’ असा प्रश्न परीक्षेत विचारू नये. त्याला सगळेच चांगले लिहितात. प्रात्यक्षिकाच्या गुणांपैकी काही भाग नोंदीसाठी राखून ठेवावा आणि नोंद तपासताना चार गोष्टी पाहाव्यात : जे दिसले ते सगळे लिहिले का, न दिसलेले काही घुसडले का, स्वतःची चूक स्वतःहून आणि वेळेत कळवली का, आणि ज्या माणसावर या नोंदीचा परिणाम होणार आहे त्याला ती कळवली का. साठा मोजणीच्या प्रात्यक्षिकात तफावत जशीच्या तशी दाखवणाऱ्याला, ती शून्य करून दाखवणाऱ्यापेक्षा नेहमी जास्त गुण मिळाले पाहिजेत. हा नियम सत्राच्या पहिल्या दिवशी सांगून ठेवावा आणि शेवटपर्यंत मोडू नये. एकदा जरी सुबक, जुळलेल्या पण खोट्या तक्त्याला शाबासकी मिळाली, तर वर्ग ते वर्षभर लक्षात ठेवतो. स्वभावाला, देवभक्तीला किंवा गोड बोलण्याला गुण देऊ नयेत. मोजायचे ते काम, माणूस नव्हे.

संस्थेचा स्वतःचा व्यवहार

न आलेल्या विद्यार्थ्याची हजेरी लावणारी, न झालेल्या प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासणीआधी एका रात्रीत पूर्ण करून घेणारी, नोकरी न मिळालेल्यांची नावे नोकरी मिळालेल्यांच्या यादीत घालणारी संस्था पोच पावतीवरचा खरा शेरा शिकवू शकत नाही. विद्यार्थ्यांना हे सगळे दिसत असते. त्यामुळे निदेशकाने निदान आपल्या ताब्यातली हजेरी आणि प्रात्यक्षिकांची नोंद निर्दोष ठेवावी, आणि प्रात्यक्षिक रद्द झाले तर वहीत ‘झाले नाही’ असेच लिहू द्यावे.

उमेदवारीसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणासाठी, गोदाम किंवा वाहतूक कंपनी निवडतानाही हाच निकष लावावा. विद्यावेतन ठरल्याप्रमाणे आणि वेळेवर मिळते का, शिकवायला कोणी आहे का की सहा महिने फक्त खोकी उचलायला लावतात, हेल्मेट आणि सुरक्षा बूट दिले जातात का, हे आधी जाऊन पाहावे. विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र आणि वापरण्याजोगे स्वच्छतागृह, रात्रपाळीनंतर घरी पोचवण्याची व्यवस्था आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती या तिन्ही गोष्टी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्यांना तिथे पाठवू नये. २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि उमेदवार यांचाही कर्मचारी म्हणून समावेश आहे, हे मुलींना आणि कंपनीलाही लेखी कळवावे. मुलींना फक्त लेबल लावायला आणि मुलांना फोर्कलिफ्टवर, अशी वाटणी दिसली तर ती बदलण्याविषयी बोलावे.

नकार देणाऱ्याच्या पाठीशी

सर्वांत अवघड भाग उमेदवारीच्या काळात येतो. आपण शिकवल्याप्रमाणे विद्यार्थी खोटी नोंद करायला नकार देतो आणि पर्यवेक्षक त्याला सांगतो की उद्यापासून येऊ नकोस. घरी हप्ते असतात, वडील विचारतात की कशाला शहाणपणा केलास. अशा वेळी संस्था मागे सरली, तर त्या मुलाला आपण संकटात ढकलले असे होईल. म्हणून उमेदवारी सुरू होण्यापूर्वीच काही गोष्टी ठरवून ठेवाव्यात. नकार कसा द्यावा याचा सराव वर्गात करून घ्यावा : वाद न घालता, चारचौघांत पर्यवेक्षकाचा अपमान न करता, “साहेब, मला जे दिसले ते मी लिहितो, त्याखाली तुमचा शेरा तुम्ही लिहा,” एवढे शांतपणे म्हणता आले पाहिजे. हे वाक्य पुष्कळदा प्रसंग निभावून नेते, कारण खाली स्वतःच्या सहीने खोटे लिहायला सहसा कोणी तयार नसतो.

तरीही प्रसंग चिघळला, तर त्याच दिवशी फोन करण्यासाठी एका निदेशकाचे नाव विद्यार्थ्याकडे असावे. निदेशकाने दुसऱ्या दिवशी कंपनीत जाऊन दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात, कारण कधी कधी विद्यार्थ्याचाच गैरसमज झालेला असतो. तक्रार खरी ठरली, तर त्याची उमेदवारी दुसरीकडे हलवावी, मधल्या दिवसांची हजेरी संस्थेत धरावी आणि पालकांना भेटून नेमके काय झाले ते सांगावे. दुसरी जागा लगेच देता यावी, यासाठी वर्षाच्या सुरुवातीलाच दोन-तीन आस्थापनांशी बोलून एखादी जागा राखून ठेवणे शक्य असते. त्या कंपनीकडे पुढच्या वर्षी विद्यार्थी पाठवायचे की नाहीत, हा निर्णय प्राचार्य आणि निदेशक यांनी मिळून घ्यावा आणि त्याची कारणे संस्थेच्या नोंदवहीत लिहून ठेवावीत.